शेवटच्या बैलामागचा माणूस

तांड्याच्या नायकाची नात सोनू हिच्या गुळाच्या, म्हणजे सोयरीक पक्की व्हायच्या दिवशी सकाळी शाम आपली जीप धूत होता, आणि जया बादली धरून त्याच्या मागे उभी राहून मनातल्या मनात त्याला फैलावर घेत होती. मनातल्या मनात एवढ्याचसाठी, की ओसरीत सासू ताटं पुसत बसली होती. मानीबाईची नजर अधू झाली होती खरी, पण कान असे की शेजारच्या घरात भाकरी करपली तर हिला आधी कळायचं.

जीपच्या मागच्या काचेवर पिवळ्या ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं : कॉन्सिल्येरे. दारव्ह्याच्या पेंटरनं हा शब्द रंगवताना तीनदा विचारून घेतलं होतं. दारव्हा-दिग्रस रस्त्यावरच्या सवाऱ्यांपैकी कोणाला ते कपाशीवरचं नवं औषध वाटलं, कोणाला टाइल्सची कंपनी. एका म्हातारीनं तर हा कुठला देव म्हणून हात जोडले होते. शब्द आणला होता ओमनं. रामधन नायकाचा हा नातू शेतीशास्त्र शिकायला इटलीत गेला होता. तिथून फोनवर एकदा तो म्हणाला, ‘शामकाका, आजोबांचे कॉन्सिल्येरे तर आता तुम्हीच.’ म्हणजे काय, तर विश्वासाचा सल्लागार. एवढं ऐकलं आणि शामला आभाळ ठेंगणं झालं.

आता हा सल्लागार कसा होता, ते जयाइतकं कोणाला ठाऊक असणार? रामधननी सांगितलं म्हणून त्यानं काळ्या पाणथळ वावरात करडई पेरली आणि कुजवली. पोरीचं नाव वैष्णवी ठेवायचं दोघांनी ठरवलं होतं. बारशाला रामधन म्हणाले पायल, झाली पायल. रामधनकाका बोलले की शामची मान हलली. नंदीबैलानं तरी गुबुगुबु वाजल्यावर मान हलवावी, हा वाजायच्या आधीच हलवायचा.

पण आज प्रकरण करडईचं नव्हतं.

“अजी,” ती हळूच म्हणाली, “रात्री सोनू आलती माह्याकडे.”

“हं.”

“लगन नाही म्हणत नाही ती. पोट्टा आवडला हाय तिले. पण नर्सिंगचं शेवटचं वर्ष राह्यलं. पाहुण्यायले लगन याच वैशाखात पायजे, पोट्ट्याच्या बहिणीसंगं एकाच मांडवात. मंग हॉस्टेल सुटते, वर्ष सुटते.”

“लगनानंतर करीन की पुरं.”

जयानं बादली खाली ठेवली. “मलेही असंच सांगतलं होतं.”

शामचा काचेवरचा हात थांबला. जयाचं डी.एड. अर्ध्यात सुटलं, त्याला बारा उन्हाळे होऊन गेले होते. ‘लग्नानंतर कर’ असं सगळ्यांनी सांगितलं होतं आणि खोटं कोणीच बोललं नव्हतं; फक्त नंतर म्हणजे कधी, ते कोणी सांगितलं नव्हतं. तिनं कधी त्याचा उच्चार केला नाही. आज केला, आणि स्वतःच्या आवाजाचं तिलाच नवल वाटलं.

“तिनं आजोबाले सांगावं ना,” शाम पुटपुटला.

“आजोबापुढं तिच्या बापाचं तोंड उघडत नाही, तिचं काय उघडीन? आज तुमाले पागोटं बांधणार हायेत. कारभारी झाल्यावर तुमीच सांगा.”

“काकाले? मी नाही म्हणू?” त्यानं असं विचारलं, जणू बायकोनं त्याला जीप छपरावर चढवायला सांगितली होती. “पाहू. इचारलं काकानं, तं सांगतो.”

त्याचा ‘पाहू’ म्हणजे काय, हेही जयाला ठाऊक होतं. ती बादली उचलून आत गेली.

खडकी तांड्याची रीत अशी, की नायकी राठोडांच्या घरात आणि कारभारकी पवारांच्या. शामचे वडील पूनमसिंग कारभारी मागच्या होळीच्या आधीच्या होळीला गेले, तेव्हापासून ती जागा रिकामीच होती. रामधन एकटेच बोलत, एकटेच ठरवत आणि एकटेच खूश होत. आज सोनूच्या सोयरिकीच्या निमित्तानं मोठे पाहुणे येणार, मग पागोट्याचाही कार्यक्रम उरकून घेऊ, असा त्यांचा बेत होता. आधी शामला पागोटं बांधायचं, मग पाहुण्यांशी बोलणी, आणि बोलणी जुळली की गूळ.

पाहुणे दिग्रसच्या अंगाचे. ऊन चढायच्या आत त्यांच्या गाड्या आल्या, नंगारा वाजू लागला, बायका स्वागताचं गीद गात सामोऱ्या गेल्या. सगळ्यांच्या पुढे होता त्यांचा नायक थावरा, मुलाचा आजोबा. पांढरं शुभ्र धोतर, दंडाएवढ्या मिशा आणि चाल अशी की रस्ता यानंच बांधला असावा. त्याच्या मागून, सगळ्या पोराबाळांच्याही मागून, एक वाळकुडा म्हातारा काठी टेकत उतरला. तो त्यांचा कारभारी, हेमला.

आणि सगळे मंडपाकडे निघाले असताना पाहुण्यांची तरुण पोरं शामच्या जीपपाशी थबकली. मोबाइल निघाले. हसणं झालं, कुजबुज झाली, आणि ती कुजबुज थावरा नायकाच्या कानापर्यंत गेली.

“रामधनभाऊ,” मंडपात टेकता टेकता थावरानं विचारलं, “तुमच्या गाडीवर हे काय लिवलं हाय? आमचे पोट्टे म्हणतात, गुंडायच्या टोळीत असा माणूस राह्यते. सरदाराच्या कानाशी लागून कोणाले उडवावं ते सांगते म्हणे.”

शाम कानापर्यंत लाल. सोयरीक करण्याआधी घर पाहतात, आणि घराच्या दारात गुंडांचं नाव पिवळ्या रंगात लिहून ठेवलेलं. पाण्याचे पेले घेऊन उभ्या जयाच्या मनात आलं, लग्न पुढे ढकलायचं राहिलं बाजूला, हे तर मोडायलाच निघालं.

बहिणीच्या सोयरिकीसाठी सुटीवर आलेला ओम पुढे आला. दोन वर्षं परदेशात राहूनही पोरगं तांड्यात पाऊल ठेवताच तांड्याचंच बोलायचं, हे जयाला त्याचं फार आवडे.

“नायकबा, शब्द गुंडायचा नाही. गुंडायनं तो उचलला. टोळी करून बसले, मंग आपणही राजेच हावो असं त्यायले वाटलं, तं राजाच्या दरबारातला शब्द घेतला.”

“मंग मुळात कोणाचा?”

“लय जुना हाय. लॅटिन म्हणून भाषा होती तिकडं, इटलीची भाषा तिच्याच पोटची. त्या लॅटिनमधी कॉन्सिलियुम म्हणजे सल्ला. अन् चार माणसं बसून जिथं सल्ला करतात, त्या बैठकीलेही कॉन्सिलियुमच म्हणत. त्या बैठकीत बसणारा तो कॉन्सिल्येरे. राजा असला तं राजाजवळ बसे, शहराची सभा असली तं सभेत. आजही मी राह्यतो तिथं नगरपालिकेच्या मेंबरले हेच म्हणतात. आमच्या वॉर्डाची मेंबर बाई हाय, औषधाचं दुकान चालवते. कोणाले उडवत नाही बिचारी, नाल्या साफ करून घेते.”

पाहुण्यांकडचे लोक हसले. थावराच्या मिशांखालीही थोडं हललं. “म्हणजे आपला कारभारीच म्हणा की.”

“हाव, कारभारीच.”

जीव भांड्यात पडून जया पेले वाटायला वळली, तोच बायकांमधून मानीबाईचा आवाज आला. म्हातारी भर बैठकीत सहसा बोलत नसे.

“ओम, मले एक सांग बेटा. तुह्या त्या गावात, राजा चुकत असला तं हा माणूस त्याले नाही म्हणू शकते का?”

ओम तिच्याकडे वळला. “आजी, त्याच्यासाठीच तं त्याले ठेवतात. बाकी सारे भेतात, नाही तं त्यायले काही पायजे असते. याले राजाची गादी नको असते, म्हणून याचं नाही राजाले आयकू येते. निदान तसं असाव, असं म्हणतात.”

“मंग आपलाच हाय,” मानीबाई म्हणाली. “माहे सासरे सांगत. लदेणीवर मीठ लादून बैल निघाले की नायक सगळ्यात पुढं चाले, वाट पाहत. कारभारी चाले शेवटच्या बैलाच्या मागं. कोणता बैल लंगडून राह्यला, कोणाची बाई भरल्या दिवसाची हाय, कोणाचं लेकरू मागं राह्यलं, हे पुढच्याले दिसतच नाही. रात्री मुक्कामाले नायक इचारे, उद्या किती चालाव? अन् मागचा सांगे. तो नाही म्हणाला तं तांडा हालत नव्हता.”

असं म्हणून ती पुन्हा सुपारी कातरू लागली. ती कोणाकडे बघून बोलली नव्हती. पण जयानं शामकडे पाहिलं, तर तो त्या काचेवरच्या अक्षरांकडे बघत होता, पहिल्यांदाच वाचत असल्यासारखा.

मंडपाच्या पुढच्या टोकाला दोन नायकांसाठी गादीतक्के होते, आणि रामधनच्या उजव्या हाताला झालर लावलेली लाल खुर्ची. ती शामची. चार दिवसांपूर्वी डेकोरेशनवाल्याकडून त्यानंच पसंत करून आणली होती. खुर्चीसमोर ताटात गुलाबी पागोटं, शेजारच्या ताटात गुळाची ढेप.

आणि इथं रामधन नायकाकडून एक चूक झाली.

तसं पाहिलं तर माणूस वाईट नव्हता. नात त्यांच्या जिवाची होती. तिला नर्सिंगला घालताना त्यांनी भावकीची तोंडं स्वतः बंद केली होती. पण मोठ्या नायकाशी सोयरीक जुळतेय या आनंदानं ते सकाळपासून जमिनीवर नव्हते, आणि दोन वर्षांच्या एकट्याच्या कारभारानं विचारायची सवयही मोडली होती. थावरा म्हणाला, “मंग याच वैशाखात दोन्ही लगनं एका मांडवात उरकू, काय म्हणता?” आणि रामधनना भरून आलं. “तुमच्या शब्दाबाहेर हावो का आमी,” म्हणत त्यांनी ढेपेवर मूठ मारली, मोठा खडा उचलला आणि थावराच्या तळहातावर ठेवला. “झालं. वैशाख पक्का.”

पागोटं ताटातच होतं.

नंगारेवाल्यानं टिपऱ्या उचलल्या. जयानं सोनूला शोधलं. ती बायकांच्या गर्दीत, डोक्यावरचा पदर सावरत, हसत होती. पोरी हसतात तसंच, पण डोळे मंडपाच्या खांबावर खिळलेले. असंच हसून जयानं आपली पुस्तकं दारव्ह्याच्या खोलीवरच्या मैत्रिणीला देऊन टाकली होती. संपलं, तिला वाटलं. आता फुटलेला गूळ कोण सांधणार?

“काका.”

आवाज मागून आला. सगळ्यांच्या माना वळल्या. लाल खुर्ची रिकामी होती. शाम मंडपाच्या पार शेवटच्या टोकाला, चपला काढतात तिथं, सतरंजीच्या काठावर बसला होता. पूनमसिंग कारभारी हयातभर तिथंच बसत. त्यांना दमा असल्यामुळे मोकळी हवा लागते, असंच तरुणांना वाटायचं.

“काय रे? इकडं ये ना, खुर्ची ठेवली तुह्यासाठी.”

“ठीक हाय इथंच.” शामचा आवाज कापत होता, पण तुटत नव्हता. “काका, थावराबाले दिला तो गूळ पाहुणचाराचा. बोलाचा नाही.”

कोणीतरी खोकलं. रामधनचे डोळे बारीक झाले. “म्हणजे?”

“नायकाच्या हातचा गूळ म्हणजे या, बसा, तोंड गोड करा. बोलाचा गूळ कारभारी फोडते अन् समोरच्या कारभाऱ्याच्या हातावर ठेवते. हे मी काय तुमाले शिकवू? तुमीच सांगत आले आमाले. आपलं पागोटं अजून ताटातच हाय. म्हणजे आपल्या तांड्याले या घडीले कारभारी नाही, मंग बोल झाला कसा?”

“शाम्या,” रामधन हळूच म्हणाले. त्यांचा हळू आवाज ओरडण्याहून वाईट असे. “तुले पागोटं पायजे का नको?”

आता हा मान हलवील, जया स्वतःला बजावत होती. हलवली तरी रागावू नकोस, इतकं बोलला हेही फार झालं.

“पायजे,” शाम म्हणाला. “लय पायजे, काका. गाडीवर लिहून फिरून राह्यलो मी. पण सोनूचं एक वर्ष राह्यलं. ती मागं पडून राह्यली अन् आपण पुढं निघालो. मी नाही म्हणतो. पागोटं दुसऱ्याले बांधा, तरी माहं नाहीच राहीन.”

अख्ख्या जन्मातलं हे त्याचं पहिलं ‘नाही’, आणि ते त्यानं भर मंडपात, दोन तांड्यांसमोर वापरलं होतं. जयाला रडू आलं, आणि आपण रडतोय याचा तिला जरासुद्धा संकोच वाटला नाही.

थावरा नायक तळहातावरच्या खड्याकडे बघत होता. मानी माणूस, अपमान झाला म्हणून उठायचं की काय, हे त्याचं त्यालाच ठरत नव्हतं. रामधनच्या कपाळावरची शीर उडत होती. तेवढ्यात मंडपाच्या मागच्या टोकाहूनच दुसरा आवाज आला.

“पोट्टं बरोबर बोललं.”

हेमला कारभारी होता तो. सगळे पुढे सरकण्याच्या गडबडीत असताना तो केव्हाचा चपलांपाशी, शामच्या समोरच्या काठावर बसला होता. त्यानं आपला सुरकुतलेला तळहात उघडून सगळ्यांना दाखवला.

“पाहा, खाली हाय. माह्या हातावर गूळ आला नाही, तं आमच्या तांड्यानं बोल घेतला नाही. नायक, तुमी खाऊन घ्या तो खडा. गूळ हाय, गोडच लागीन.”

थावरानं हेमलाकडे पाहिलं. चाळीस वर्षांत या म्हाताऱ्यानं त्यालाही किती वेळा अडवलं असेल, ते त्या पाहण्यात दिसत होतं. मग त्यानं खडा तोंडात टाकला. “गोड हाय,” तो म्हणाला. “मले तं वाटलं बोल झाला. दोन म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले की असंच होते.”

हसू फुटलं, आणि हवा मोकळी झाली.

“आता तू बोल माह्यासंगं,” हेमला शामला म्हणाला. “पोट्ट्याच्या बहिणीचं या वैशाखात करतो आमी. याचं पुढच्या वैशाखात. चालते?”

“परीक्षा झाल्यावर.”

“अन् मंग नोकरी लागली तिले, तं?”

“तं तुमच्या तांड्यात नर्स राहीन. रात्री-बेरात्री पुसदले पळायचं काम नाही.”

हेमला गालातल्या गालात हसला. “उंटावरचे शहाणे लय पाहिले मी. हा पायी चालणारा दिसते.” आणि त्यानं पुढे बसलेल्या नवऱ्या मुलाला विचारलं, “काय रे, दम निघते का वर्षभर?”

मुलगा सोनूकडे बघून म्हणाला, “निघते.” त्याचे कान लाल झाले होते. सोनूनं पदर तोंडाला लावला. या खेपेला तिचे डोळे खांबावर नव्हते.

राहिले रामधन. सगळे त्यांच्याकडे बघत होते. ते उठले, ताटातलं पागोटं उचललं आणि चालू लागले. मंडपाच्या पुढच्या टोकापासून शेवटापर्यंत, बसलेल्या लोकांतून वाट काढत. नायक मागे चालत येतोय हे तांड्यानं कधी पाहिलं नव्हतं. लोक पाय आखडून घेत होते. शामपाशी येऊन ते वाकले. जया तिथंच जवळ उभी होती, म्हणून तिला पुढचं ऐकू आलं.

“दोन वर्षं झाले. आधी काहून नाही बोलला रे कधी?”

“तुमी इचारलंच नाही, काका.”

रामधननी पागोटं बांधायला सुरुवात केली, आणि पूनमसिंग बांधत तसा शेवटचा पदर डाव्या कानामागे खोचला. “करडईच्या वेळीही बोलायचं होतं,” ते पुटपुटले, “मलेही मागून वाटलंच होतं.”

मग शामनं ढेप मागवली, बोलाचा गूळ फोडला आणि हेमलाच्या उघड्या तळहातावर ठेवला. घोडं गंगेत न्हालं. नंगारा असा वाजला की मंदिरामागचे बगळे उडाले. सोनू गर्दी कापत आली, ती शामकाकाकडे नाही, सरळ जयाकडे. आली तशी ती जयाच्या गळ्यात पडली. पलीकडे मानीबाई बायकांना सांगत होती की हा पोरगा लहानपणी लय हट्टी होता, मधीच कुठं बिघडला काय माहीत.

दुपार कलली तेव्हा पंगत बसली. पुढे दोन्ही नायक, मग पाहुणे, मग तांडा. पत्रावळीवर भात पडला, वरण पडलं, आणि सगळे रामधननी पहिला घास उचलण्याची वाट पाहू लागले. त्यांनी घासाला हात घातला, आणि मागे घेतला.

“कारभारी,” त्यांनी पंगतीच्या शेवटाकडे तोंड करून हाक मारली. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जावं अशी. “सुरू कराव का?”

दोनशे माणसं शामकडे वळली. चुलाण्यापासून भाजीचं पातेलं घेऊन जया आणि आणखी दोघी येत होत्या, धुरानं डोळे लाल झालेल्या, अजून वाटेतच. शामनं मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं, आणि पागोटं सावरत म्हणाला,

“थांबा काका. मागचे येऊन राह्यले.”

आणि नायक थांबला. थावराही थांबला. दोन तांडे भरल्या पानांवर हात आवरून बसले, आणि त्यांच्यामधून जया पातेलं घेऊन चालत आली, घाई न करता, अगदी शेवटच्या पानापर्यंत.